मागची धूळ

माझ्या बहिणीचा नवरा आंद्रीस फिलांडर याला मी त्यांच्या लग्नाच्या दिवसापासून 'ग्रेडर' म्हणत आले. एक तर तो खरोखरच ग्रेडर चालवायचा. रस्ते खात्याचं ते पिवळं, लांब नाकाचं धूड, खडीचे रस्ते खरवडून सपाट करणारं. आणि माणसांनाही तो तसाच सपाट करायचा. कोणी उशिरा आलं, कोणी खोटं बोललं, कोणी चर्चमध्ये बेसूर गायलं, की आंद्रीसचं पातं खाली आलंच म्हणून समजा. मला तो 'जीभ' म्हणायचा. "जीभ आली वाटतं. राकेल कुठं राहिली?" असं दारातच विचारायचा. हा एकच विनोद आम्ही दोघांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरला.

अपिंग्टनहून उत्तरेला कालाहारीत जाणारा रस्ता डांबरी होण्याआधी कित्येक वर्षं त्याच्या पात्याखालून गेला होता. त्या रस्त्याला तो 'माझा' म्हणायचा. त्याच्या बापाने तिथल्या अभयारण्यात गोऱ्या पाहुण्यांच्या चुलींची राख काढण्यात जन्म घालवला. लहानपणी आंद्रीसनेही तिथे लाकडं वाहिली. पण आमच्या रंगाच्या माणसांनी काम झालं की तळाबाहेर व्हायचं, असा तेव्हाचा कायदा. तो कायदा मेल्यावर आंद्रीसने लिलावातली एक जुनी लँड क्रूझर घेतली, वर्षभर तिच्या पोटात हात घालून तिला उभी केली, आणि दर सप्टेंबरच्या सुट्टीत सगळा गोतावळा घेऊन तो तिथे तंबू ठोकायला जाऊ लागला. "बापाने राख काढली, आता मी जाळ करणार," म्हणायचा. राजकारणावर याहून जास्त तो कधी बोलला नाही.

गाड्या तीन असायच्या. पुढे आंद्रीस आणि माझी बहीण हेस्टर. मधे मी, माझा नवरा फ्रेडी आणि मागच्या सीटवर आंद्रीसचा दोस्त टायटस. विधुर माणूस, आवाज ढोलासारखा आणि खाणं त्याहून मोठं. शेवटी आंद्रीसचा मुलगा जेरोम, सून शांताल आणि त्यांच्या दोन मुली. वाळूच्या वाटेवर गाड्या एकमेकींना चिकटून चालत नाहीत, नाहीतर पुढच्याची सगळी धूळ मागच्याच्या घशात. भरपूर अंतर ठेवावं लागतं, आणि अंतर ठेवलं की चुकामूक ठरलेली. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, आणि आंद्रीसचा तर तो धर्मच होता. वाट फुटली की पुढच्याने थांबायचं. मागची धूळ दिसली की मगच वळायचं.

"गाडी दिसायची गरज नाही," तो पोरांना शिकवायचा. "धूळ दिसली म्हणजे माणूस आहे. धूळ नाही, तर उलटा फिर. मग तुझं जेवण करपलं तरी चालेल."

एकदा आमच्या गाडीचा रेडिएटर फुटला, तेव्हा फ्रेडी अजून शिव्याच घालत होता आणि आंद्रीस परत येऊन आमच्यासमोर उभा होता. त्याच्या मागे असणं म्हणजे देवाच्या खिशात असणं, असं टायटस म्हणायचा. आम्हीही तसंच समजायचो.

गेल्या दोनेक वर्षांत एक गंमत सुरू झाली होती. निदान मला ती गंमत वाटली. माझी बहीण मुलखाची मुखदुर्बळ; लग्नात हो म्हणायलाही पाद्र्याने दोनदा विचारलं होतं. ती अचानक बोलकी झाली. गाडीत बसल्या बसल्या "डावीकडे घे हं, आंद्रीस," "आता उतार आहे," "इथं थांबून मागचे बघ," असं चालू ठेवायची. नातींना आजोबांच्या गाडीत बसायचं असायचं, तर ती बसू द्यायची नाही. जेरोमने गाड्यांमधून बोलायला हातातले रेडिओ आणले, ते ती घरीच विसरली.

"म्हातारपणी प्रेम उतू चाललंय," मी तिला चिडवलं. "दोघांतच बसायचं, दोघांतच बोलायचं. तिसरं माणूस नको."

"असू दे गं," ती म्हणाली आणि पाव भाजायला लागली.

त्या वर्षी आम्ही बोट्स्वानाच्या बाजूला निघालो होतो. तिकडे कुंपण नाही, दुकान नाही. एका कोरड्या पांढऱ्या तळ्याच्या काठी चार-दोन काटेरी झाडं, तोच मुक्काम. वाळूचे मोठे चढ सुरू होण्याआधी गाड्या थांबवून चाकांतली हवा कमी करावी लागते, नाहीतर चाकं रुततात. तिथे आम्ही नेहमीप्रमाणे थांबलो. पुरुष चाकांशी बसले. बायका झुडपांमागे गेल्या. मी आणि शांताल मुलींना घेऊन जवळच गेलो. हेस्टरला मात्र लाज फार, ती टेकाडापलीकडे गेली. ती तशीच जायची, त्यामुळे कोणी तिची वाट बघत बसायचं नाही. ती आपली येऊन गाडीत बसायची.

आंद्रीसचं काम आधी झालं. तो उठला, हात झटकले, गाडी सुरू केली आणि निघाला. त्याची धूळ जरा बसू दिली आणि आम्ही निघालो. आमच्यामागून जेरोम. तीन डिझेल इंजिनं एकदम घरघरल्यावर टेकाडामागून कोणी हाक मारली असेल तर ती कोणाला ऐकू येणार? पुढच्या गाडीत कोण आहे हे आम्ही पाहत नसू. आम्ही धूळ पाहत असू.

पहिल्या फाट्यावर आंद्रीस नव्हता.

"पुढं गेलेला दिसतोय," टायटस म्हणाला. "थांबायला विसरला."

"आंद्रीस?" फ्रेडी हसला. "अरे, तू जेवायला विसरशील एकवेळ."

पण चाकांचे ताजे ठसे तर उजवीकडे गेले होते, आणि मुक्काम डावीकडे. उजवीकडची वाट कधीकाळी जमीन मोजणाऱ्यांनी पाडलेली, ती कुठेच जात नाही. आता कोणीच हसत नव्हतं. पुढे बरंच गेल्यावर ती वाट वाळूच्या एका उभ्या भिंतीपाशी संपली, आणि तिथे आंद्रीस हॅट काढून गाडीला टेकून उभा होता. आम्हाला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलात? बरं झालं. माझा रस्ता कोणीतरी हलवलाय रे इथून."

मी गाडीत डोकावले. डाव्या सीटवर हेस्टरचं विणकाम होतं, चष्मा होता, पाण्याची बाटली होती.

"हेस्टर कुठंय?"

"हेस्टर? घरी आहे. गुडघे धरलेत म्हणाली, या वर्षी तुम्हीच जा."

हे हेस्टर म्हणाली होती, खरंच म्हणाली होती, पण जेरोम शाळेत होता तेव्हा. जेरोमला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर तो बापावर असा ओरडला की मुली रडायला लागल्या. आंद्रीस दुखावला. "कोणाशी बोलतोयस? तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला?"

ऊन नुसतं भाजत होतं. तिच्याजवळ पाणी नव्हतं. आणि तो मुलूख सिंहांचा. जेरोम गाडीकडे धावला, अरुंद वाटेत घाईघाईने वळवायला गेला आणि चाकं आसापर्यंत रुतवून बसला. आमची गाडी त्याच्या आणि त्या भिंतीच्या मधे अडकली. फ्रेडी, टायटस फावडी घेऊन खणायला लागले. आता कडेच्या वाळूवरून निघेल अशी एकच गाडी उरली, आंद्रीसची.

"किल्ली दे, आंद्रीस," फ्रेडी म्हणाला.

"माझी गाडी माझ्याशिवाय कोणी चालवत नाही."

वाद घालायला वेळ कोणाला होता? मी डाव्या सीटवर चढले. "चल, ग्रेडर. आल्या वाटेने मागे." आणि तो माणूस, ज्याला बायको कुठे आहे हे आठवत नव्हतं, त्याने ती अवजड गाडी वाळूच्या कडेवरून तिरकी चढवून दोन्ही गाड्यांना वळसा घालून अलगद वाटेवर आणली. टायटस फावडं टेकून बघतच राहिला. आंद्रीसचे हात काहीच विसरले नव्हते.

वाटेत मला कळलं. वाट जराही वाकली की तो वेग कमी करायचा आणि मान किंचित माझ्याकडे कलती करायचा. आपण काही विचारतोय हे त्यालाही माहीत नसावं. कान फक्त डावीकडे व्हायचा, आणि वाट बघायचा. दोन वर्षं माझी बहीण त्या कानात रस्ता ओतत होती, आणि मी तिला चिडवत होते की प्रेम उतू चाललंय.

फाट्यावर येऊन तो थांबला. इंजिन चालू, नजर आरशात.

"चल ना!"

"मागची धूळ नाही."

"ते रुतलेत, आंद्रीस! येणार नाहीत! हेस्टर तिकडे उन्हात आहे!"

"धूळ नाही दिसत," तो शांतपणे म्हणाला. "धूळ आल्याशिवाय वळायचं नाही. तुला एवढंही माहीत नाही, जीभ?"

मी ओरडले. त्याच्या दंडावर मुठी मारल्या. गाढवा म्हटलं, खुनी म्हटलं, त्याच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं. तो आरशात बघत बसला. सगळं विसरलेल्या माणसाच्या डोक्यात ती एक रीत मात्र खिळ्यासारखी ठोकलेली होती, आणि तीच आता माझ्या बहिणीचा जीव घेत होती. शेवटी माझा आवाजच संपला. आणि आवाज संपल्यावर मला सुचलं. मी डोळे पुसले, पुढे बघितलं आणि हेस्टर बोलते तसं, हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हटलं, "डावीकडे घे हं, आंद्रीस."

त्याने गाडी वळवली. पुढचा सगळा रस्ता मी हेस्टर होऊन बोलत राहिले. "इथं उतार आहे. आता सरळ." तो निर्धास्त चालवत होता. एरवी मी सगळ्यांच्या नकला करायचे; त्या दिवसानंतर मी कोणाची नक्कल केलेली नाही.

ती वाटेतच दिसली. शहाणी माझी बहीण, भटकत सुटली नव्हती. चाकांच्या खुणांजवळच, एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसली होती, डोक्याचा रुमाल काठीला बांधून ती काठी वाटेत रोवली होती. एक बूट पायात होता, दुसरा हातात, कशाला तरी मारायला धरावा तसा. ओठ फुटले होते. वाटेच्या मऊ वाळूत, तिच्यापासून जरा अंतरावर, सिंहाच्या पंजांचे ठसे आडवे गेले होते. आंद्रीसने ब्रेक लावला, काच खाली केली आणि हॅटला बोट लावलं.

"टॅनी," तो अदबीने म्हणाला. आमच्याकडे अनोळखी वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. "एवढ्या उन्हात कुठं निघालात? या, बसा. कुठं सोडू तुम्हाला?"

हेस्टरने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे काय सांगितलं ते मलाच माहीत नाही.

"तुम्ही जाल तिथं सोडा," ती म्हणाली.

मी उतरून तिला जागा द्यायला लागले, तर तिने माझा खांदा दाबला आणि मागे जाऊन बसली. "राकेल, पाणी दे त्यांना," तो म्हणाला. मला ओळखत होता. माझं नाव घेतलं त्याने, नेमकं त्या दिवशी! जीभसुद्धा म्हणाला नाही. हेस्टर बाटली दोन्ही हातांत धरून पीत होती आणि तो आरशातून तिच्याशी बोलत होता.

"एकट्या कशा हो तुम्ही? घरच्यांना काळजी नाही?"

"आहे. येतील ते."

"येतीलच," त्याने धीर दिला. "इकडची माणसं कोणाला मागे टाकून जात नाहीत."

जेरोमची गाडी निघाली, सगळे एकत्र झालो, आणि फ्रेडी आणि टायटसला पुढे घालून दिवस कलता तळ्याकाठी पोचलो. परत फिरण्याइतका उजेड नव्हता, म्हणून तंबू लावले. नेहमीसारखा जाळ केला, चरबीत गुंडाळलेली मेंढीची काळजं निखाऱ्यावर ठेवली, कारण मुलींना भूक लागली होती आणि हातांना काहीतरी काम हवं होतं. आंद्रीस मांस उलटत होता. हेस्टर जाळापासून लांब, पाय पसरून बसली होती, आणि मी तिच्या वाळूत भाजलेल्या पायाला चरबी लावत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरने सांगितलं त्याला दोन वर्षं झाली. दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून रडला गं. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. म्हणाला, हेस्टर, सगळं जाऊ दे, पण मला पुढच्या गाडीतून काढू देऊ नकोस. मी शब्द दिला."

"असले शब्द देतात का, बाई? जीव गेला असता तुझा!"

"त्याचा गेला असता त्याचं काय?"

तेवढ्यात आंद्रीस ताटली घेऊन आला, हेस्टरपुढे वाकला आणि थबकला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तो परत आला होता, कुठून कोण जाणे.

"हेस्टर? तुझ्या ओठांना काय झालं? अगं, पायाला काय लागलं?"

"काही नाही. पडले जरा."

तिने सावरलं असतं. नेहमीसारखं सावरलं असतं तिने. पण जेरोम पलीकडे उभा होता, आणि तो बापाचाच मुलगा, त्याचंही पातं खाली आलं.

"तुम्ही तिला मागे टाकून आलात, पप्पा. वाटेत. पाण्याशिवाय. तुम्ही."

आंद्रीस हसला. मग एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला, कोण आधी हसतंय म्हणून. टायटसने खाली बघितलं. शेवटी तो माझ्याकडे वळला. "जीभ, तू सांग. थापा मारतोय ना हा?"

जन्मभर त्या माणसाला मी उत्तरं दिली. एकदाही गप्प बसले नाही. त्या संध्याकाळी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

त्याने ताटली खाली ठेवली. खिशात हात घातला, किल्ली काढली आणि हेस्टरच्या मांडीवर ठेवली, अगदी हळू, तिला लागेल की काय असं. मग तो जाळाकडे पाठ करून बसला. हेस्टरने त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याने अंग चोरलं. पहाटेपर्यंत तो पुन्हा हरवला होता, आणि मी देवाचे आभार मानले. मला वाटलं, बरं झालं, हेही विसरला.

आता ती लँड क्रूझर अपिंग्टनच्या रोझडेल वस्तीत, त्यांच्या अंगणात उभी आहे. जेरोमने बॅटरी काढून नेली. चाकांतली हवा हळूहळू आपोआपच गेली. आंद्रीस आता मला ओळखत नाही, जेरोमला ओळखत नाही, चमचा कसा धरायचा हेही कधी कधी त्याला दाखवावं लागतं. पण दुपारी झोपून उठला की तो हॅट घालतो आणि गाडीत जाऊन बसतो. हेस्टर भांडी टाकून डाव्या सीटवर जाऊन बसते. ती रस्ता सांगते, तो चाक फिरवतो. "डावीकडे घे हं, आंद्रीस. आता उतार आहे." शेजारची पोरं आधी हसायची, आता तीही हसत नाहीत.

परवा मी आल्याची बिअर घेऊन गेले, तेव्हा दोघं गाडीतच होती. मी खिडकीशी उभी राहिले. आंद्रीसने चाक धरलं होतं, पण फिरवत नव्हता. आरशात बघत होता.

"आता सरळ घे," हेस्टर म्हणाली.

"नाही, टॅनी. थांबावं लागेल."

"कशाला?"

"माझी बायको मागे राहिलीय," तो म्हणाला. "वाटेत. तिच्याजवळ पाणी नाही."

हेस्टरने त्याच्या हातावर हात ठेवला. "मी इथं आहे, आंद्रीस. ही काय मी."

त्याने तिच्याकडे बघितलं, मायेने बघितलं, आणि आपला हात सोडवून घेतला. "तुम्ही फार चांगल्या आहात, टॅनी. तुम्हाला उशीर होतोय, कळतंय मला," तो म्हणाला आणि पुन्हा आरशाकडे वळला. "पण तिची धूळ दिसल्याशिवाय मला निघता येणार नाही."

आरशात फक्त अंगणाची भिंत दिसत होती. "बरं," माझी बहीण म्हणाली. "थांबू या."